साइडचा पडदा

नदाफ सरांनी एसटी ठरवली आणि आमचा सातवीचा वर्ग
कोल्हापुरातनं शिरोळकडं निघाला,
भूपालकाकांचं हरितगृह बघायला.
काका माझे, म्हणून खिडकी मला.

लांबनं ते दिसतं
फुगवून ठेवलेल्या पांढऱ्या पिशवीगत.
आत पाय टाकला आणि प्रज्योतच्या चष्म्यावर धुकं.
"आयला," तो म्हणाला, "इडलीच्या भांड्यात आलो."
जरबेरा मात्र ऐटीत उभा,
लाल, पिवळा, एक वाफा जरा जास्तच गुलाबी.

सरांनी थर्मामीटर टांगले.
बाहेर एकतीस. आत अडतीस.
"ऊन आत येतं, जमीन तापते,
तापलेली हवा वर जायला बघते,
वर प्लास्टिक. अडकली."
"मग आभाळाला पण प्लास्टिक आहे का?" मी विचारलं.
सर हसले. ते असं हसले की समजायचं,
प्रश्न बरा आहे, उत्तर लांब आहे.

उत्तर असं :
आभाळाला छप्पर नाही. नुसती हवा.
उन्हानं तापलेली जमीन रात्रंदिवस
न दिसणारी ऊब वर सोडत असते,
चूल विझल्यावरही तवा सोडतो तशी.
नायट्रोजन तिला अडवत नाही, ऑक्सिजन नाही.
अडवते पाण्याची वाफ, मिथेन, कार्बन डायऑक्साइड.
गिळतात ती ऊब,
आणि थोडी वर, थोडी खाली परत देतात.
हे नसतं तर पृथ्वी सरासरी वजा अठरा.
रंकाळ्यावर भेळ नाही, बर्फाची लादी.

"कार्बन डायऑक्साइड असतो तरी किती?"
"खासबाग मैदान डोळ्यांपुढं आणा.
कुस्ती बघायला दहा हजार माणसं बसलीत.
त्यात फेटेवाले चार."
"चारच?"
"चारच. कारखाने, गाड्या यायच्या आधी
तीनसुद्धा भरत नव्हते."
"एका फेट्यानं काय होतंय, सर?" प्रज्योत.
"दूध नासायला मिठाचा खडा केवढा लागतो?"

मग मी गुऱ्हाळाच्या चिमणीकडं बोट केलं.
सर म्हणाले, तिथं जळतं ते चिपाड.
त्यातला कार्बन उसानं परवाच हवेतनं घेतलाय,
उसनवारी आहे ती, फिटते.
पण ऊस ओढतो तो ट्रक डिझेल पितो,
आणि ते कोट्यवधी वर्षं जमिनीत झोपलेलं.
आपण उठवलं.

आमच्या शाळेच्या जिन्यावर
एकोणीसच्या पुराची रेघ आहे, माझ्या हनुवटीएवढी.
जुलैत आमच्या गल्लीत कुणी "बरं आहे का" विचारत नाही,
"बंधाऱ्यावर किती फूट?" विचारतात.
तापलेली हवा जास्त पाणी पोटात धरते
आणि ओतते तेव्हा धो धो.
"पण सगळं हवेवर ढकलू नका," सर म्हणाले.
"पूररेषेच्या आत घरं कुणी बांधली,
ते बघायला उपग्रह लागत नाही."

तेवढ्यात कस्तुराक्का आली, हातात खुरपं,
एका कडेला लोखंडी दांडा होता, तो गरागरा फिरवला.
साइडचा पडदा गुंडाळत वर गेला
आणि उसातला वारा आत शिरला.
सदतीस. छत्तीस. चौतीस.
प्रज्योतचा चष्मा निवळला.
"तापलं की उघडायचं," आक्का म्हणाली, "त्यात काय एवढं?"

परतताना सगळ्यांनी गाणी म्हटली.
मी खिडकीतनं वर बघत होते,
जयसिंगपूर गेलं, हातकणंगले गेलं,
ढगांच्या मागं, विजेच्या तारांच्या वर,
कुठंतरी दांडा असेल म्हणून.

प्रयोगवहीत निष्कर्षाच्या जागी लिहिलं :
आकाशाला साइडचा पडदा नाही.

सरांनी खाली लाल शाईनं लिहिलं :
म्हणून तर फेटे मोजायचे. आणि कमी करायचे.
त्याच्याही खाली :
अडतीस काय? एकक लिहिलेलं नाही.
अर्धा गुण वजा.